भूमिहीनाच्या हक्काचा पैसा : आपल्या सीमाभागाचा इतिहास

धर्माबादहून निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात बासर येते. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. काळी माती तीच, कापसाची पऱ्हाटी तीच, बाजाराला निघालेल्या बायकांच्या डोक्यावरची गाठोडीही तशीच. पण राज्य बदलते, आणि राज्य बदलले की गोरगरिबाच्या खात्यावर पडणारा पैसाही बदलतो. २०१८ साली आपल्या धर्माबाद तालुक्यातील सुमारे ४० गावांतून 'आम्हाला तेलंगणात सामील करून घ्या' अशी मागणी उठली आणि महाराष्ट्रभर धर्माबादचे नाव झाले. कुणी त्याला राजकारण म्हटले, कुणी नाराजी म्हटले. आम्हाला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसला. तो प्रश्न आपल्या वस्तीतल्या माणसाचा आहे आणि त्याचा इतिहास बराच जुना आहे. विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत तो इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वर्षीच्या मे महिन्यात तेलंगण सरकारने 'रयतु बंधू' योजना सुरू केली होती. शेतकऱ्याला एकरी ४,००० रुपये, तेही वर्षातून दोनदा, खरीप आणि रब्बीच्या तोंडावर. कर्ज नाही, परतफेड नाही, पीक आले-गेले याची चौकशी नाही. पुढच्या वर्षी ही रक्कम एकरी ५,००० झाली. बासरच्या शिवारातल्या माणसाला हे मिळते आणि लागून असलेल्या आपल्या शिवारातल्या माणसाला मिळत नाही, हे पाहून गावे पेटून उठली तर नवल नाही. पण ज्याच्या नावावर एकरच नाही त्याचे काय? आपल्यातले जे सालगडी राहिले, जे मिरचीच्या हंगामात देठ खुडायला बसतात, जे गवंड्याच्या हाताखाली राबायला निजामाबाद-हैदराबाद गाठतात, त्यांनी राज्य बदलून काय मिळवायचे होते?

अगदीच काही नव्हते असे म्हणता येणार नाही. तिकडच्या 'आसरा' पेन्शनमध्ये विधवेला महिन्याला १,००० रुपये मिळत होते, विडी वळणाऱ्या बाईलाही मिळत होते. आपल्याकडे त्या वर्षी संजय गांधी निराधार योजनेत एका माणसाला साधारण ६०० रुपये पडत. हा चारशे रुपयांचा फरक गरिबाच्या चुलीला कळतो. पण मोठा पैसा होता तो एकराला. दहा एकरवाल्याला वर्षाला ८०,००० आणि बिनजमिनीच्या मजुराला शून्य. कसणारा जर दुसऱ्याची जमीन बटईने करत असेल तर पैसा मालकाला, कसणाऱ्याला काही नाही.

अलीकडे जगात 'बेसिक इन्कम' म्हणजे किमान उत्पन्नाच्या हक्काची मोठी चर्चा आहे. प्रत्येक माणसाला, तो गरीब आहे म्हणून दया येऊन नव्हे तर तो माणूस आहे, नागरिक आहे एवढ्याच कारणाने, दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. तिला काम, जमीन, दाखला अशी कोणतीही अट असू नये, असा तो विचार आहे. विद्वानांना तो नवा वाटतो. आम्हाला वाटते, आपल्या बापजाद्यांनी वेगळ्या शब्दांत हीच मागणी केली होती. आणि आजवर त्यांना जे जे मिळाले ते कधी जमिनीच्या कागदावर, कधी हातातल्या फावड्यावर, तर कधी कुण्या अधिकाऱ्याच्या सहीवर मिळाले. केवळ माणूस म्हणून मिळाले ते फार थोडे.

निजामाच्या राज्यात आपल्या माणसाचा पोटाचा आधार म्हणजे गावकीचे बलुते. ते धान्य फुकट नव्हते. त्यासाठी वेठबिगारी करावी लागे, सांगावा घेऊन पळावे लागे, मेलेले ढोर ओढावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली कुळकायदा आला. या कायद्यांचा लाभ कुळाला झाला, म्हणजे ज्याच्या हाती आधीच कुणाची तरी जमीन कसायला होती त्याला. जो कुळही नव्हता, ज्याला नुसते दोन हात होते, त्याच्या दारापर्यंत ते कायदे आले नाहीत. पुढे बाबासाहेबांच्या हाकेने आपण गावकीची कामे सोडली, बलुतेही सोडले. स्वाभिमान मिळाला; पण सुगीला घरात येणारी ती चार पायली ज्वारीही बंद झाली. आपल्या आज्या-पणज्यांनी ते दिवस कसे काढले असतील याचा हिशेब कोणी मांडला नाही. धर्मांतराच्या गौरवाच्या भाषणात ही ज्वारी सहसा येत नाही. ती यायला हवी, असे आम्हाला वाटते. उपाशी राहून स्वाभिमान जपणाऱ्यांचा तो पराक्रम होता.

बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते. १९४७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच उरणार नाही, अशी योजना आहे. प्रत्येक प्रौढ माणसाचा विमा सक्तीचा असावा आणि तो सरकारने चालवावा, असेही आहे. त्यामागचा त्यांचा युक्तिवाद आपल्या तरुणांनी मुळातून वाचावा असा आहे. ज्या माणसाला उद्याच्या भाकरीची आणि डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती आहे, तो पोटासाठी आपले हक्क कोणाच्याही पायाशी ठेवायला तयार होतो. मग घटनेत लिहिलेले स्वातंत्र्य त्याच्या काय कामाचे, असा त्याचा आशय. पोटाची हमी ही स्वातंत्र्याची पहिली अट, हे त्यांनी त्या काळी सांगितले. घटना समितीने ती योजना स्वीकारली नाही.

१९५३ साली मराठवाड्यात फेडरेशनने पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह केला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी खेड्यापाड्यातल्या भूमिहीनांच्या हालाबद्दल आपली व्यथा बोलून दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. त्यांच्यामागे हे काम कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी उचलले. १९५९ मध्ये नाशिक, खानदेश, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि १ ऑक्टोबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, धान्याचे भाव आवरा, झोपडपट्टीतल्या माणसाला त्याच्या पायाखालची जागा द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि तीन लाखांहून जास्त माणसांनी अटक करून घेतली. तुरुंग कमी पडले. बाया कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. आज आपल्याकडे त्या सत्याग्रहाची आठवण 'जमिनीची लढाई' एवढीच उरली आहे. पण सनद नीट वाचली तर जमीन, मजुरी, धान्य आणि घराची जागा या चारही गोष्टी एकत्र मागितलेल्या दिसतात. चारही मिळून जे होते त्याला आजच्या भाषेत जगण्याची हमी म्हणतात.

इथे थोडे दूरचे उदाहरण देतो. थॉमस पेन नावाचा एक क्रांतिकारी लेखक इंग्लंडात जन्मला, अमेरिका आणि फ्रान्स दोन्हीकडच्या क्रांतीत सामील झाला. १७९७ साली त्याने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याचे म्हणणे असे की जमीन मुळात सर्वांची; ती काहींच्या मालकीची झाली तेव्हा बाकीच्यांचा वाटा बुडाला. म्हणून जमीनदाराच्या वारसाहक्कावर कर बसवावा आणि त्यातून प्रत्येकाला वयाच्या २१ व्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत. ही भीक नव्हे, बुडालेल्या वाट्याची भरपाई आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. किमान उत्पन्नाच्या विचाराची वंशावळ सांगणारे लोक या पुस्तिकेचे नाव हमखास घेतात. गायरानाच्या कडेला झोपडे टाकून राहणाऱ्या आपल्या माणसाला पेनचे नाव माहीत नव्हते, पण 'गावच्या जमिनीत आमचाही वाटा आहे' हे तो त्याच अर्थाने म्हणत होता.

आणि बौद्धांना तर हे परके वाटण्याचे कारणच नाही. दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राजाला यज्ञ करायचा असतो, तेव्हा पुरोहित त्याला सांगतो की राज्यातली चोरी-लूट दंड वाढवून थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला वेतन दे. लोक कामाला लागले की दाराला कडी न लावता राहतील. चक्कवत्ति सीहनाद सुत्तातही निर्धनाला धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा, असा क्रम सांगितला आहे. विहारात ही सुत्ते श्रद्धेने ऐकताना त्यातले हे अर्थकारणही ऐकावे.

आता १९७२ चा दुष्काळ. आपल्या वस्तीतल्या वृद्ध माणसांना तो अजून वर्षाच्या आकड्याने नव्हे तर सुकडीच्या चवीने आठवतो. विहिरी आटल्या, कडबा संपला, ढोरे मातीमोल विकली गेली. परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन माणसे जगली. राज्यभर दुष्काळी कामे निघाली : रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. त्यात बायांची संख्या मोठी. झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात लेकरू टाकायचे आणि खडी फोडायला बसायचे. काम मोजून पैसा, त्यामुळे बाई म्हणून कमी असे निदान कागदावर तरी नव्हते. शेतावर बाईला अर्धी मजुरी मिळण्याच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे. दुसरे असे की खडीच्या ढिगावर मराठ्याची बाई आणि बौद्धाची बाई शेजारी बसली. पाण्याचा माठ वेगळा असेल, पण मस्टर एकच होते.

या कामांमागे जी योजना होती तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, हे साधे सूत्र. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा माणसाचा हक्क असून तो पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. गुत्तेदाराला त्यात जागा नव्हती. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला गेला. आपल्या वस्तीतील शिक्षक, बँक-रेल्वेतील कर्मचारी बंधूंच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. पगाराची पावती पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. खडीवर बसलेल्या आपल्याच आईच्या मजुरीची सोय म्हणून तो कर आला, हे ठाऊक असले तर आठ्या पडणार नाहीत, असे वाटते.

या कायद्यात एक छोटी तरतूद होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मागूनही ठरल्या मुदतीत काम मिळाले नाही तर दिवसाला निदान १ रुपया बेकारी भत्ता. रक्कम हास्यास्पद होती, आणि तो भत्ता हातात पडलेला माणूस शोधूनही सापडणे कठीण. पण विचार मोठा होता : काम नसले तरी माणसाला जगवण्याची जबाबदारी सरकारची. किमान उत्पन्नाचे बी आपल्या राज्याच्या कायद्यात त्या एका रुपयाच्या रूपाने पडले होते. ते उगवू दिले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. शिवाय हमी होती ती फावडे धरू शकणाऱ्याची. म्हातारा, अपंग, बाळंतीण, क्षयाने खंगलेला माणूस तिथे कुठे जाणार? त्यांच्यासाठी २ ऑक्टोबर १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. २०२३ साली तिची रक्कम १,५०० रुपये झाली, पण अट अशी की कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या पैशात जगणारे कुटुंब दाखल्यावर दाखवता येते, प्रत्यक्षात ते कसे जगते हे कुणी विचारत नाही. हक्काच्या पैशासाठी माणसाला खोटे गरीब किंवा खरे लाचार व्हायला लावणारी ही अट आहे.

बेघरपणाची गोष्ट आतापर्यंत आम्ही मागे ठेवली होती. शहरात बेघर म्हणजे फुटपाथवर झोपणारा. आपल्या भागात बेघर म्हणजे ज्याचे घर आहे पण जागा त्याची नाही तो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात फार सोसावे लागले. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले; टेंभुर्णी त्या वेळी बिलोली तालुक्यात होती आणि आपले धर्माबादही. त्या रागाच्या मुळाशी विद्यापीठाच्या नावाइतकीच गायरानावर कसलेली जमीन, सोडलेली गावकी आणि वाढलेली मजुरी होती, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. घर जळते तेव्हा कुड आणि पत्रेच जळतात असे नाही. रेशनकार्ड जळते, शाळेचा दाखला जळतो, जातीचे प्रमाणपत्र जळते. आणि सरकारी मदत तर कागदाच्या वाटेनेच यायची.

कागदाचा आणखी एक छळ सांगायला हवा. राज्य सरकारने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या लेखी बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत नव्हता. १९९० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत ही स्थिती होती. ३४ वर्षे आपल्या लोकांनी एक तर धर्म लिहायचा किंवा सवलत घ्यायची, असा पेच सोसला. दाखल्यावर 'महार' आणि घरात बुद्धमूर्ती, यावरून कुणी आपल्या वडीलधाऱ्यांना दोष देऊ नये.

१९९१ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तो बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळातला निर्णय, त्यातून काही कुटुंबांना सातबारा मिळाला, पुष्कळांना पंचनाम्याच्या नोंदीअभावी नाही मिळाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देताना भूमिहीन आणि अनुसूचित जातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला, तरी २०२२ च्या अखेरीस राज्यात गायरानावरच्या घरांना नोटिसा लागल्याच. तीस-चाळीस वर्षे एका जागेवर राहून, घरपट्टी भरून माणूस 'अतिक्रमणधारक'च.

घरकुलाच्या योजना या जागेच्या प्रश्नावरच अडतात. इंदिरा आवास १९८५-८६ पासून आली, २०१६ पासून तिची प्रधानमंत्री आवास झाली. आपल्यासाठी राज्याची रमाई आवास योजना २००९ च्या सुमारास सुरू झाली. ग्रामीण भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. जोत्यापर्यंत काम झाले की पुढचा हप्ता. पण जोते घालायला जागा आपल्या नावाची लागते, नमुना ८ चा उतारा लागतो. ज्याला जागा आहे त्याला घर मिळते, आणि ज्याला जागाही नाही, म्हणजे जो खरा बेघर, तो यादीत खाली सरकतो. त्याच्यासाठी जागा खरेदीला ५०,००० रुपयांची योजना निघाली, ती रक्कम पुढे १ लाख झाली. धर्माबादसारख्या बाजारपेठेच्या गावाजवळ या पैशात ५०० चौरस फूट मिळवताना काय होते ते वाचकांना आम्ही सांगायला नको. जमिनीचेही तेच. दादासाहेबांच्याच नावाने २००४ साली सबळीकरण व स्वाभिमान योजना निघाली : भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. २०१८ पासून तिला शंभर टक्के अनुदान आहे, जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाखांपर्यंत. पैसा आहे, लाभार्थी आहे, पण त्या भावात जमीन विकणारा नाही. लाखो माणसे तुरुंगात जाऊन जे मागत होती ते कायद्यात आले, ते कुणाच्या तरी विकण्याच्या मर्जीवर टांगून.

दरम्यान बिनकामाचा, बिनअटीचा पैसा देशात आला, पण आला तो सातबाऱ्यावाल्याला. २०१९ पासून पंतप्रधान किसान सन्मानचे वर्षाला ६,००० रुपये, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,०००. शेतकऱ्याचे हाल आम्हाला ठाऊक आहेत, त्याच्या १२,००० रुपयांवर आमचा राग नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्याच्याच बांधावर राबणाऱ्याला तेवढे का नाही? सातबारावाला बसून पैसा घेतो तेव्हा त्याला सन्मान म्हणतात. भूमिहीनाला द्यायची वेळ आली की 'फुकट दिले तर आळशी होतील, दारू पितील' हे सुरू होते.

या आक्षेपाला उत्तर आपल्याच शेजारच्या राज्यात मिळाले आहे. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात सेवा संघटनेने युनिसेफच्या मदतीने ८ गावांत आणि वेगळ्याने एका आदिवासी गावात प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा २०० आणि लेकरामागे १०० रुपये, पुढे ते ३०० आणि १५० झाले. जात, जमीन, काम काहीही विचारले नाही. लेकरांची वजने सुधारली, लोकांनी सावकाराचे देणे कमी केले, शाळेवरचा खर्च वाढला, दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सोडून पुष्कळांनी स्वतःचे काम वाढवले. दारूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत या विषयावर एक अख्खे प्रकरण आले आणि माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेबही मांडला गेला. त्यानंतर मात्र योजना आल्या त्या पुन्हा गटागटाच्या.

त्यातली सर्वांत मोठी म्हणजे २०२४ ची 'लाडकी बहीण'. २१ ते ६५ वयाच्या बाईला दरमहा १,५०० रुपये, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. निवडणुकीच्या तोंडावर आली म्हणून तिच्यावर टीका झाली, ती खोटी नाही. तरीही आपल्या वस्तीत ज्यांनी हे पाहिले त्यांना विचारा. सातबारा न मागता, मस्टर न मागता, थेट बाईच्या पासबुकावर पैसा आला, तो पहिल्यांदा. किराण्याच्या दुकानातली उधारी फिटली, नातीची वही आली. नंतर छाननी झाली, नावे गळाली. विधवेला निराधारचे १,५०० मिळत असतील तर हे मिळत नाहीत, आणि ६५ च्या वरची आजी बाहेर. सरकारच्या दयेने आलेला पैसा सरकारच्या दयेने जातो. कायद्याने आलेला जायला विधिमंडळ बसवावे लागते, हा पागेंच्या कायद्यात आणि या योजनेत फरक आहे. अर्थात कायदाही बदलतो. रोजगार हमीचाच विचार घेऊन २००५ साली केंद्राने १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, फेब्रुवारी २००६ ला पहिल्याच टप्प्यात आपला नांदेड जिल्हा त्यात आला, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ आहेत, पण पेरणी-कापणीच्या काळात कामे थांबवण्याची मुभाही आहे.

आता पुन्हा बासरच्या बाजूला. २०१४ साली तेलंगणाने भूमिहीन दलित बाईला ३ एकर देऊ असे म्हटले; फार थोड्यांना मिळाली, जमीनच मिळेना. २०२१ साली 'दलित बंधू' आली : कुटुंबाला एकरकमी १० लाख, परतफेड नाही, बँकेचे तारण नाही. एवढी मोठी रक्कम एवढ्या विश्वासाने आपल्या समाजाला दुसऱ्या कुठल्या राज्याने दिल्याचे आम्हाला ठाऊक नाही. पण यादी कुणी करायची यावरून तक्रारी झाल्या, आमदाराच्या शिफारशीवर नावे लागतात असे आरोप झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलल्यावर योजना थंडावली. नव्या सरकारने २६ जानेवारी २०२५ पासून शेतकऱ्याची रक्कम एकरी वर्षाला १२,००० केली आणि त्याच दिवशी भूमिहीन शेतमजूर कुटुंबालाही वर्षाला १२,००० देण्याची योजना सुरू केली. एकरावर न मोजता, बिनजमिनीच्या कुटुंबाला जमिनीवाल्याच्या रांगेत उभे करण्याचा हा सीमेपलीकडचा पहिला प्रयत्न. २०१८ साली आपल्या वस्तीला जो प्रश्न पडला होता त्याचे उत्तर सात वर्षांनी आले, तेही एका अटीसह : कुटुंबातील माणसाने आधीच्या वर्षात रोजगार हमीवर निदान २० दिवस काम केलेले असले पाहिजे.

हंगामात तिकडे राबायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांचे जॉबकार्ड इकडच्या ग्रामपंचायतीचे आहे, म्हणून त्या यादीत त्यांचे नाव येऊ शकत नाही. आणि सहा-सहा महिने ती गावात नसतात, म्हणून इकडच्या मस्टरवरही त्यांचे २० दिवस भरत नाहीत.